जुन्या फियाटचे इंजिन आणि ‘ओव्हरहॉल’ची अट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करण्याची सोय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून केली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, ती नोंदणी दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला पाच हजार, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे आणि रोजच्या वापराला मनाई, असे तिचे साधारण स्वरूप आहे. गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल यांपुरतीच. या कशालाही माझी हरकत नाही. माझे म्हणणे एका अटीपुरते आहे. वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्याचे ‘सबस्टॅन्शियल ओव्हरहॉल’ (मोठे दुरुस्तीकाम) झालेले नसावे, असे नियम सांगतो, आणि या ओव्हरहॉलमध्ये चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांतील फेरफार समाविष्ट असल्याचेही सांगतो. ओव्हरहॉल आणि फेरफार हे दोन शब्द असे एकाच वाक्यात शेजारी बसवल्यामुळे, ज्याने आपल्या जुन्या गाडीचे इंजिन पूर्ण खोलून कंपनीच्या मापांनुसार पुन्हा बांधले, तो माणूस या अटीच्या आत आहे की बाहेर, हे सांगणे कठीण झाले आहे.

मी त्यांपैकीच एक. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी म्हणजे पुढे १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून घराघरांत माहीत झालेल्या गाडीचीच आधीची आवृत्ती. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५. सन २००६ पासून ती आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. उभी करण्याआधीची दोन-तीन वर्षे ती इतके ऑइल खात असे की पेट्रोल पंपावरचा मुलगा आधी ऑइलचा डबा आणि मग पेट्रोलची नळी हातात घेई. चढावर मागे निळ्या धुराचा पट्टा राही. २०२२ मध्ये बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी हे इंजिन स्वतः बांधायचे ठरवले. त्याआधी माझे यांत्रिक कर्तृत्व प्लग साफ करणे आणि पॉइंट घासणे यांपलीकडे गेलेले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ज्या दोन गॅरेजांत आधी विचारले, तेथील सल्ला एकच होता. ‘साहेब, एवढा खटाटोप कशाला, दुसऱ्या गाडीचं चालू इंजिन टाकून देतो, दोन दिवसांचं काम.’ सल्ला व्यवहाराचा होता आणि त्यात वाईट हेतू नव्हता; पण इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागावर, असतो, आणि तो नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी जुळेनासा झाला की ती गाडी वडिलांची राहिली असे मला तरी म्हणवले नसते. तेव्हा चेनपुली भाड्याने आणली, शेडच्या तुळईला आधार म्हणून खाली दोन लाकडी टेकू दिले, आणि शेजारच्या दोघांच्या मदतीने इंजिन वर काढून लाकडी घोडीवर ठेवले. पुढचे चौदा महिने ते तेथेच होते.

सुटे भाग कसे काढले हे सविस्तर सांगत बसत नाही. प्रत्येक नट-बोल्ट कोठला, हे लिहिलेल्या चिठ्ठ्या घालून लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत ठेवला, पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात उभे केले, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. मात्र हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, निघाल्यावर काय दिसले ते सांगणे या पत्राच्या विषयासाठी आवश्यक आहे. पिस्टनच्या डोक्यावरचा काजळीचा थर रॉकेलने भिजवून खरवडला तेव्हा चारही पिस्टनांवर ०.२ असा आकडा उमटलेला निघाला. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगचे शेल (अर्धगोल पत्रे) काढले, तर त्यांच्या पाठीवर ०.२५४ असा शिक्का. म्हणजे या इंजिनाचा बोअर पूर्वीच एकदा वाढवून ६८.२० केलेला होता आणि क्रँकही एकदा पाव मिलिमीटरने, कारखान्यातल्या भाषेत दहा थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ग्राइंड झालेला, म्हणजे घासून बारीक केलेला होता. वडिलांनी कधीतरी, बहुधा मी शिक्षणासाठी बाहेर असताना, ‘इंजिन काम’ करून घेतले होते आणि त्याचा घरात कोणाला पत्ता नव्हता. जी गाडी मी आजवर ‘जशी घेतली तशी आहे’ म्हणून पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होतो, तिचे ओव्हरहॉल किमान एकदा आधीच झालेले होते.

माझा मुद्दा येथूनच सुरू होतो. त्या काळात मोटार ही पुरवून पुरवून वापरायची वस्तू होती. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि हाती आलेली गाडी लोक दोन-दोन पिढ्या चालवत. तिचे रिंग-पिस्टन बदलणे, बोअर करणे, क्रँक ग्राइंड करणे ही घराला रंग देण्याइतकी ठरलेली कामे होती. पन्नास-साठ वर्षे वापरलेली आणि इंजिन एकदाही न खोललेली गाडी जवळपास नसणारच. असलीच तर ती चाललेली नसेल. तेव्हा ‘ओव्हरहॉल झालेले नसावे’ ही अट शब्दशः लावली, तर वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी पात्र ठरते आणि नीट सांभाळून चालती ठेवलेली गाडी अपात्र ठरते. नियम करणाऱ्यांना हे अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही.

आता बोअरचे पाहू. बोअरमध्ये वरच्या बाजूला, जेथवर पहिली रिंग पोहोचते तेथे, एक कंगोरा तयार होतो. त्याच्या वरचा भाग रिंग न पोहोचल्यामुळे झिजत नाही आणि खालचा झिजतो. नखाला तो स्पष्ट अडकत होता. शिवाजी उद्यमनगर या आमच्या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीतून बोअर गेज तासाभरासाठी मागून आणला आणि प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा दोन दिशांनी मोजला. सर्वांत जास्त झीज तिसऱ्या सिलिंडरमध्ये, कंगोऱ्याच्या लगेच खाली, ६८.४३ निघाली, तीही कनेक्टिंग रॉडच्या रेट्याने पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो त्या बाजूला. दुसऱ्या दिशेने तोच बोअर ६८.३१ होता. म्हणजे गोल उरलेला नव्हता. कंपनीच्या पुस्तकात पिस्टनची वाढीव मापे ०.२ च्या पायरीने दिलेली आहेत. ०.४ चा पिस्टन घ्यावा तर बोअर ६८.४० व्हायला हवा, आणि झीज तर त्याच्याही पुढे गेलेली. त्यामुळे ०.६ ला पर्याय नव्हता.

शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या शेडमध्ये बोअरिंगचे काम दिले, तेथल्या मिस्त्रींनी ब्लॉककडे ढुंकूनही न पाहता पहिला प्रश्न विचारला, ‘पिस्टन कुठं हाय?’ पिस्टन नंतर आणतो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. ‘पिस्टन आणल्याशिवाय बोअर मारत न्हाई मी.’ मला तेव्हा तो आडमुठेपणा वाटला. मापाचा आकडा पुस्तकात आहे, तो करून द्यायला अडचण काय? महिनाभर शोधून मुंबईहून एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरचा, पिवळ्या पडलेल्या खोक्यातला ०.६ चा संच मिळाला, तो घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजले आणि मला दाखवले. चौघांत शतांश मिलिमीटरचा फरक होता. त्यांनी पिस्टनांवर खडूने एक ते चार लिहिले, आणि ज्या पिस्टनाला जो सिलिंडर, त्याच्या मापाने तो बोअर केला. पिस्टन आणि भिंत यांमधली जागा केसाच्या जाडीहूनही कमी ठेवायची असते, त्यात एवढा फरक खपत नाही. शेवटी होनिंगच्या दगडाने भिंतीवर तिरक्या रेषांची जाळी पाडली. ती जाळी ऑइल धरून ठेवते आणि नव्या रिंगा तिच्यावर घासून बसतात. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला छान असतो, पण त्यात रिंगा बसत नाहीत, हे मला तेथे कळले.

बोअर ६८.६० झाल्यावर गणित केले तर इंजिन १०८९ ऐवजी सुमारे ११०९ सीसीचे झाले. नोंदणी पुस्तकात १०८९ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मग हे वीस सीसी म्हणजे फेरफार म्हणायचा काय? ज्या कंपनीने गाडी बनवली तिनेच झीज झाल्यावर बोअर किती वाढवायचा याचा तक्ता छापला, तिच्या मापाचे पिस्टन वर्षानुवर्षे दुकानांत विकले गेले, आणि रस्त्यावरच्या असंख्य फियाट, अॅम्बॅसेडर आणि जीप याच रीतीने चालल्या. दुरुस्तीचा हा मार्ग इंजिनाच्या आराखड्यातच धरलेला आहे. म्हणून नियमाचा अर्थ लावणाऱ्यांनी कंपनीच्या वाढीव मापांपर्यंतची दुरुस्ती ‘मूळ स्वरूप’ याच शब्दांत बसते असे एका ओळीत स्पष्ट केले, तर माझ्यासारख्यांचा प्रश्न मिटेल.

याउलट खरा फेरफार कशाला म्हणतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. जुन्या फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवणारे आणि त्यासाठी पुढची क्रॉसमेंबर (सांगाड्याची आडवी पट्टी) कापणारे महाभाग आपल्याकडे कमी झाले नाहीत. तशी गाडी वरून कितीही चकचकीत रंगवली तरी तिला व्हिंटेज म्हणू नये, याबद्दल मी मंत्रालयाच्या बाजूने आहे. अडचण एवढीच की आजच्या शब्दरचनेत तो मनुष्य आणि चौदा महिने मायक्रोमीटर घेऊन बसलेला मनुष्य एकाच रांगेत उभे राहतात. त्यातही पहिल्याने काय केले ते बॉनेट उघडताच दिसते; दुसऱ्याला मात्र आपण काय केले हे लपवावेसे वाटू लागते. मला एका एजंटाने तोंडावर सांगितले, ‘इंजिन खोललं होतं हे बोलूच नका. कोण बघायला जातंय?’ कोणी बघायला जात नाही, हे त्याचे म्हणणे खरे असेल. पण जे काम मी आयुष्यात सर्वांत काळजीपूर्वक केले, तेच दडवून अर्ज भरायचा, हे मला पटेना.

काळजीपूर्वक केले म्हणालो, म्हणून माझी एक चूकही नोंदवतो. क्रँक ग्राइंड होऊन आला होता, ०.५०८ चे शेल आणले होते, ऑइलची भोके तारेने आणि हवेने साफ केली होती. या इंजिनात क्रँकला तीन मुख्य बेअरिंगे. पुढची कॅप टॉर्क रेंचने आवळली, क्रँक दोन बोटांनी फिरत होता. मागची आवळली, तरी फिरत होता. मधली आवळली आणि तो जागच्या जागी बसला. पाना लावून जोर केला तरी हलेना. रात्रीचे अकरा वाजले होते. क्रँक वाकडा ग्राइंड झाला असणार अशी माझी खात्री झाली आणि उद्यमनगरात जाऊन काय बोलायचे याची मनात जुळवाजुळवही झाली. सकाळी मिस्त्री स्वतः स्कूटरवरून आले, ब्लॉकवर बॅटरीचा उजेड पाडला आणि क्षणभर पाहून म्हणाले, ‘साहेब, कॅप फिरवून बसवलाय की तुम्ही.’ शेलला एका कडेला लहानशी जीभ असते, तिच्यासाठी ब्लॉकमध्ये आणि कॅपमध्ये खाचा असतात, आणि त्या दोन्ही खाचा एकाच बाजूला आल्या पाहिजेत. मी मधली कॅप उलटी लावली होती. कारखान्यात ब्लॉक आणि कॅप एकत्र आवळून मगच ते भोक कातलेले असते, त्यामुळे कॅप फिरवली की दोन अर्धी वर्तुळे जुळत नाहीत. कॅप सुलट केली आणि क्रँक पुन्हा दोन बोटांनी फिरू लागला. मिस्त्रींनी त्याचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.

हा प्रसंग सांगण्यामागे हेतू आहे. घरी इंजिन बांधणाऱ्याला हे काम झेपते ते अशा माणसांच्या आधाराने, आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. तेथील शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या मर्यादेने रस्त्यावरून उतरली. टॅक्सीबरोबर तिचे सुटे भाग ठेवणारी दुकाने, तिचा कार्ब्युरेटर डोळे मिटून लावणारे कारागीर आणि तिच्यासाठी पिस्टन मागवण्याला असलेले व्यापारी कारणही गेले. आजच्या गाड्यांची इंजिने बहुतेक ठिकाणी बोअर केली जात नाहीत, बदलली जातात. उद्यमनगरातल्या ज्या शेडबद्दल लिहिले, तेथे आता मुख्यतः शेतीपंपाची इंजिने आणि ट्रॅक्टरचे ब्लॉक येतात. मोटारीचा ब्लॉक, मिस्त्रींच्या शब्दांत, ‘सणासुदीला’ येतो. व्हिंटेज गाड्या टिकाव्यात अशी शासनाची इच्छा असेल, तर ज्या दुरुस्तीने त्या टिकतात तिच्याबद्दल नियमात संशय ठेवून चालणार नाही, कारण संशय असला की लोक काम टाळतात, आणि काम टाळले की हे कारागीर दुसरीकडे वळतात.

आणखी एक व्यावहारिक बाब. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९६८ च्या फियाटमधला पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली रबरी सीले इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नव्हती. ती फुगतात, ठिसूळ होतात, आणि गळती झाली तर ती गरम इंजिनावर होते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. मी हे सर्व भाग इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घातले आहेत, आणि जळण्याचे मिश्रण कमजोर होऊ नये म्हणून कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) एका पायरीने मोठा केला आहे. शब्दशः पाहिले तर हे ‘मूळ’ नाही. पण मूळ रबर ठेवून गाडी पेटवून घेण्यापेक्षा हे बरे, असे वाहनाची पाहणी करणाऱ्या समितीवरील कोणीही अधिकारी मान्य करील.

नियमानुसार राज्य पातळीवर वाहनाची पाहणी करून ते व्हिंटेज नोंदणीस पात्र आहे की नाही, हे समितीने ठरवायचे आहे. म्हणून माझी परिवहन विभागाला विनंती आहे, की या समितीच्या मार्गदर्शनासाठी मराठीत एक छोटे परिपत्रक काढावे. त्यात मूळ ब्लॉक आणि त्यावरील मूळ नंबर कायम असेल, दुरुस्ती उत्पादकाने ठरवलेल्या वाढीव वा कमी मापांच्या आत असेल, आणि इंधनाचा प्रकार बदललेला नसेल, तर इंजिनाचे पूर्ण काम झालेले असले तरी ते ‘सबस्टॅन्शियल ओव्हरहॉल’ धरू नये, असे नमूद करावे. ब्लॉक इतका झिजला की शेवटच्या मापापुढे गेला आणि त्यात लायनर (आतून बसवायची नळी) घालून बोअर पुन्हा ६८ वर आणावा लागला, तर तेही दुरुस्तीतच धरावे. त्याने सीसी उलट नोंदणी पुस्तकाशी तंतोतंत जुळतात. सुरक्षिततेसाठी बदललेले रबरी भाग आणि वायरिंग यांना स्पष्ट सूट द्यावी. आणि अर्जदाराने कामाची नोंदवही, मापे आणि छायाचित्रे जोडली, तर ती त्याच्याविरुद्ध न वापरता पुरावा म्हणून स्वीकारावीत. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे लोक नोंदी ठेवू लागतील. माझ्या वडिलांनी एका ओळीची जरी नोंद ठेवली असती, तरी ते ०.२ चे पिस्टन कोणी आणि कधी घातले हे आज मला माहीत असते.

इंजिन गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी चालू झाले. पहिल्या प्रयत्नात कार्ब्युरेटरमधून मोठा बार उडाला, कारण प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर मी अर्ध्या फेऱ्याने उलटा बसवला होता. १-३-४-२ हा सिलिंडरांच्या ठिणगीचा क्रम तारांवर बरोबर होता, पण सुरुवातच चुकीच्या ठिकाणाहून झाली होती. तो फिरवला, प्लग काढून ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला, प्लग लावले, आणि तिसऱ्या वेळी ते धरले. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलले. सध्या धूर नाही.

अर्जाची कागदपत्रे मी तयार ठेवली आहेत. त्यांत मापांची वही, बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगच्या पावत्या आणि तीनशेच्या वर छायाचित्रे आहेत. ज्या वाचकांनी इंजिनाचे काम केल्याचे उघडपणे लिहून व्हिंटेज नोंदणी मिळवली असेल किंवा त्या कारणाने नाकारली गेली असेल, त्यांनी आपला अनुभव याच सदरात कळवावा, ही विनंती. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. संपादकांना जागेअभावी कात्री लावावी लागली, तर कॅपचा प्रसंग काढला तरी चालेल, परिपत्रकाचा परिच्छेद मात्र ठेवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर